खाडीच्या तोंडावरचं लाल लुगडं

कुडवा, गोंदिया
१२ ऑगस्ट २०२५

भुजली,

पाकीट जपून उघड. आत गव्हाची पिवळी पाती आहेत, वाटेत वाळून काडीसारखी झाली असतील. परवा, राखीच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही टोपल्यांत उगवलेल्या गव्हाच्या भुजल्या तळ्याच्या पाण्यात शिरवल्या. तुझ्या वाट्याची पाती मी वेगळी धुतली, पदराला पुसली आणि वर्तमानपत्रात दाबून ठेवली. दरवर्षी ती तुझ्या हातात द्यायचे, आणि तू कानामागे खोवायची सोडून अंबाड्यात गजऱ्यासारखी माळायचीस. यंदा मी रजेवर इकडे, म्हणून पोस्टाने.

पत्ता रिंकीच्या अक्षरात बघून दचकू नकोस. मी तुझं नाव लिहीत नाही, हे माझ्या लेकीला फार गमतीचं वाटतं. म्हणते, "बोलायचं नाही हे समजलं आई, पण लिहायला काय हरकत आहे?" सासूबाई तिच्यावर डाफरल्या, "भुजलीचं नाव घेतलं तं भुजली तुटते. एवढंही शिकवून नाही राहिले का तुमच्या कालेजात?" मग तिने मुकाट्याने पत्ता लिहिला आणि जीभ काढून मला दाखवली.

गहू यंदा छान आला होता. नागपंचमीला पेरून कोठीच्या अंधारात ठेवला, तर सासूबाईंनी कोणाला डोकावूही दिलं नाही. तळ्यावर बायांची गर्दी होती. डोक्यावर टोपली, गाणं रंगात, आणि माझ्या कमरेला खोचलेला फोन वाजायला लागला. तुमच्याकडच्या प्लांटवरून आमचा ऑपरेटर भुपेंद्र होता. कामाचंच काहीतरी. दोन शब्द बोलले आणि ठेवला. मग शिरवणं, पाती वाटणं, पाया पडणं, त्यात संध्याकाळ झाली. तुला फोन करायचा राहून गेला.

पौर्णिमेनंतरची ओहोटी तुमच्याकडे मोठी असते. तू खाडीत उतरली होतीस का? उतरली नसशील तर बरंच. उतरली असशील आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या आणल्या असशील, तर चांगल्या उकळून घे. तुम्ही एका वाफेवर उतरवता, तसं नको. पावसाळ्यात पाणी खराबच असतं म्हणून लिहिते. बाकी काही नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुझे हात कायम ओले, तू फोन उचलत नाहीस, आणि पत्र मात्र वाचून तांदळाच्या डब्यात ठेवतेस, हे मला माहीत आहे.

बदलीचं अजून नक्की नाही. या आठवड्यात निघेल म्हणतात. निघाली तर इथल्या नव्या प्लांटवर. घरापासून स्कुटीवर जाण्याइतकं जवळ. धनेंद्रने दुकानातल्या गिऱ्हाइकांना आत्ताच सांगायला सुरुवात केली आहे की मिसेस परत येऊन राहिली. मी त्याला म्हटलं, कागद हातात येऊ दे आधी.

छोटीला माझ्याकडून पापा दे. तिला तिसऱ्या देऊ नकोस, नात अजून लहान आहे.

तुझी भुजली

कुडवा
२४ ऑगस्ट २०२५

भुजली,

भुपेंद्रकडून कळलं. छोटीला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, सलाईन लावलं, आणि आता घरी आणली आहे, हे सगळं एकाच वेळी कळलं, त्यामुळे घाबरावं की सुटकेचा निःश्वास टाकावा हे समजेना. मी तसाच फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. भाजी करपली.

तिला भाताची पेज दे, मीठ घालून. शहाळ्याचं पाणी दे. ताकद यायला वेळ लागेल. मुलं अशी सुकतात आणि तशीच भरतातही.

आणखीही घरांत ओकाऱ्या-जुलाब झाले असं तो म्हणाला. पावसाळा आहेच वाईट. विहिरींत पाणी शिरतं, नळाचं गढूळ येतं. कशाने झालं हे कोण सांगणार?

परवा इथे पोळा झाला. बैल आता किती घरी उरलेत, तरी तोरण बांधलं जातंच. त्या गर्दीत मला का कोण जाणे, आपली पहिली भेट आठवत होती. नवीनच आले होते तुमच्या गावी. क्वार्टरच्या मागच्या खोलीत प्लास्टिकच्या क्रेटमध्ये एकटीने गहू पेरला. तिथे तळं कुठलं? क्रेट घेऊन खाडीवर आले. तू गुडघाभर चिखलात. मी पाण्यात माती सोडताना बघून ओरडलीस, "काय टाकतंस गो? तुमच्या गटाराचा कमी पडता काय?"

मी नाव आणि काम सांगितलं, तर तू कमरेवर हात ठेवून हसलीस. "राजकुमारी! आणि कामाक गटारात! बापाशीन नाव बगून ठेवल्यान काय?"

मग पाती कशाची, का शिरवायची, कोणाला द्यायची, सगळं विचारून घेतलंस. आणि शेवटी म्हणालीस, "मग माका दी." मी सांगितलं, ही घेतली की जन्माची मैत्री होते, मग एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. तू म्हणालीस, "बरा झाला. तुजा नाव घेताना माका हसू येता."

तुला प्लांट दाखवायला आणलं होतं तेही आठवलं. गावाचं सगळं सांडपाणी आधी त्या खोल विहिरीत जमतं, पंप ते टाकीत चढवतात, टाकीत खालून हवा सोडली की तिच्यातले किडे मैला खातात, मग गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी खाडीत जातं. तू नाकाला पदर लावून ऐकलंस आणि म्हणालीस, "म्हंजे तुमी किडे पाळतास. आमी कोंबडे पाळतो." मी त्या दिवसासारखी कधी हसले नव्हते.

ऑर्डर आली. एक तारखेला इथे रुजू व्हायचं आहे. आनंद झाला असं लिहायला हवं. झालाही. परवा रिंकीने माझ्याकडून वेणी घालून घेतली. एवढी मोठी मुलगी, स्वतःहून पाठ करून बसली. सात वर्षं मी या घरी सुट्टीतली पाहुणी होते. ती मला शाळेतलं काही सांगायची नाही, बापाला सांगायची. वेणी घालताना म्हणाली, "आता जाऊन नको राहू, आई." मी पेड घालत राहिले. तिचे केस हातात होते.

तुला तीनदा फोन केला. हात ओले असतील.

तुझी भुजली

कुडवा
३ सप्टेंबर २०२५

भुजली,

पाकीट परत आलं. आतली पाती तशीच, तुझं एक अक्षर नाही. मी पाकीट उलटं करून झटकून पाहिलं.

भुपेंद्रला विचारलं, ती काही म्हणाली का. तो म्हणाला, "ताई म्हणून राहिल्या होत्या, तिका सांग तुजा गहू तुका. आनखी काही नाही म्हटलं, म्याडम." तुमची बोली त्याच्या तोंडी ऐकून एरवी मी हसले असते.

आणखीही सांगितलं त्याने. मासळी बाजारात तुझ्या ओट्यावर तुला बसू देत नाहीत. खाडीत तुझ्यासोबत कोणी उतरत नाही. तुझ्या घरच्या गणपतीला आरतीला कोणी आलं नाही, तू आणि छोटी दोघींनीच टाळ वाजवले. चौदा तारखेला बाजारातल्या बायांची बैठक आहे आणि तुझा ओटा दुसरीला द्यायचा की नाही हे तेव्हा ठरेल. तिसऱ्यांनी आजार झाला म्हणून नव्हे, तर तू लुगडं लावलं नाहीस म्हणून.

खाडीच्या तोंडावरच्या त्या बांबूवर तुझं जुनं लाल लुगडं. ती रीत आपण दोघींनीच पाडली. प्लांटचं गेट उघडून सांडपाणी तसंच खाडीत सोडायची वेळ आली की मी तुला फोन करायचा, तू लुगडं लावायचं, आणि ते उतरेपर्यंत एकाही बाईने चिखलात पाय घालायचा नाही. कागदावर कुठेच नाही हे. पण गावातल्या बाया नगरपंचायतीच्या पाटीपेक्षा तुझ्या लुगड्यावर जास्त विश्वास ठेवायच्या. आणि आता त्या म्हणतात, हिची भुजली तिथे साहेब, हिला माहीत नसेल असं होईलच कसं. पौर्णिमेच्या ओहोटीचा धंदा बुडू नये म्हणून गप्प राहिली.

तर लिहिते. हो, त्या दिवशी गेट उघडलं होतं. पाऊस फार होता, पंपाला पाणी आवरेना. विहीर भरून रस्त्यावर आली असती, घरांत शिरली असती. उघडणं भाग होतं. मी इथे, तळ्यावर. भुपेंद्र तिथे. मला वाटलं तो तुला सांगेल. तो रोज तुझ्या दारावरून जातो.

तू बैठकीत हे सांग. सांग की यंदा मॅडम रजेवर होत्या, त्यामुळे गोंधळ झाला. भुपेंद्रही सांगेल, मी बोलते त्याच्याशी.

नव्या जागी रुजू झाले. टाक्या कोऱ्या आहेत, अजून पाणी सोडलेलं नाही. निळा रंग दिलेला रिकामा हौद बघत मी खुर्चीवर बसून असते. काम काहीच नाही.

तुझी भुजली

कुडवा
११ सप्टेंबर २०२५

भुजली,

मागच्या पत्रात "मला वाटलं तो तुला सांगेल" असं लिहिलं आहे. ते खोटं आहे. भुपेंद्रने फोनवर काय विचारलं ते मला शब्द न् शब्द आठवतं. "म्याडम, वीर भरून राहिली. एकच पंप चालून राहिला. उघडू का?" मी म्हटलं, उघड. तो म्हणाला, "ताईले फोन तुम्ही करता ना?" मी म्हटलं, करते.

आणि फोन कमरेला खोचून पाण्यात उतरले.

मी विसरले नव्हते. तेच तर सांगायचं आहे. तुला वाटेल, बायांच्या गर्दीत, गाण्यात विसरली असेल. टोपली पाण्यात सोडताना, पाती धुताना, माझ्या डोक्यात तूच होतीस. तुमच्याकडे पाणी उतरत असेल, तू पदर खोचत असशील, हे मला दिसत होतं. तुझ्या वाट्याची पाती मी जास्तच वेळ धुतली.

एकच पंप का चालत होता हे तुला माहीत नाही. दुसऱ्याची मोटर जुलैतच जळली होती. नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी दोन्ही चालू आहेत असं सांगितलं. प्लांट ठीकठाक असल्याशिवाय मला तिथून सोडणार नव्हते. मोटर दुरुस्त होऊन येईपर्यंत पाऊस बेताचा पडेल असा मी माझा माझाच हिशेब केला. तुला फोन केला असता तर लुगडं वर गेलं असतं. लुगडं वर गेलं की सगळ्या गावाने विचारलं असतं, गेट का उघडलं? आणि त्याच आठवड्यात माझी ऑर्डर निघायची होती.

मला घरी यायचं होतं, भुजली. एवढंच. यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही.

माझ्या मुलीच्या वेणीसाठी मी तुझ्या नातीला त्या खाडीत... हे वाक्य पुरं करवत नाही.

सासूबाई रोज मला पत्राचा कागद काढताना आणि परत ठेवताना बघत होत्या. आज दुपारी सुपात तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "कोणाले लिवून राहिली वं एवढं? रोज फाडते, रोज लिवते."

"भुजलीला."

"फोन काऊन नाही करत?"

"ती बोलत नाही माझ्याशी."

"काय केलं तुनं तिचं?"

काय केलं? झालं काय, असं त्यांनी विचारलंच नाही. मी सगळं सांगितलं. त्या निवडत राहिल्या. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "ह्या वर्षी तळ्याच्या पाण्याले वास येऊन राहिला होता. वस्तीची नाली तिथंच सोडली ना आता. म्या तोंड नाही धुतलं त्या पाण्यानं. तुले दिसलं तं असंन."

दिसलं होतं. मला आधी वास येतो, मग पाणी दिसतं. कामच ते. तरी त्याच पाण्यात धुतलेली पाती मी तुला पाठवली.

मी म्हटलं, बैठकीत जाऊन खरं सांगायचं तर तिचं नाव घेऊन सांगावं लागेल. बायांसमोर माझी भुजली, माझी भुजली करून चालणार नाही. सासूबाईंनी सूप परत मांडीवर ओढलं. मग म्हणाल्या, "नाव घेतलं तं तुटते."

"मग?"

"मंग काय? तुटलेली हाये तं तुटलेली हाये. तिचा ओटा तं नाही ना तुटला अजून."

मुख्याधिकाऱ्यांना काल फोन केला होता. ते भले गृहस्थ आहेत, हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, झालं गेलं. तुमची बदलीही झाली. आता कशाला उकरून काढता? बायांचं भांडण आहे, मिटेल." मी त्यांना मोटरचं सांगितलं. ते म्हणाले, "हे तुम्ही मला फोनवर सांगायला नको होतं." प्लांट चालवणाऱ्या आमच्या कंपनीलाही आज कळवलं. तिकडून अजून उत्तर नाही. येईल.

आणखी एक आहे, आणि ते त्या दिवसापुरतं नाही. सात वर्षं तू मला तिसऱ्यांचं सुकं वाढायला बघायचीस आणि मी म्हणायचे, आमच्या पवारांत शिंपल्या चालत नाहीत. श्रावण नसला तर सोमवार, सोमवार नसला तर कुळाची रीत. तू ते मानलंस. माझ्यासाठी वेगळी भाकरी आणि खोबऱ्याची चटणी करायचीस, वर म्हणायचीस, धर्म पाळणारी बाई आहे. भुजली, कुठला धर्म? आमच्या घरी तळ्यातला झिंगा मिटक्या मारत खातात. मी खात नव्हते कारण रोज सकाळी मीच खाडीच्या पाण्याची बाटली तपासायचे. पावसाळ्यात ते कसं असतं ते मला माहीत होतं. गेट बंद असलं तरीही. कागदावर चालून जाईल इतकंच स्वच्छ. मला ते माझ्या ताटात नको होतं. तुझ्या ताटात दिसत होतं, छोटीच्या ताटात दिसत होतं, आणि मी चटणी-भाकरी खात तुझ्याशी गप्पा मारत बसायचे.

फोन न करणं हे त्याच्याच पुढचं पाऊल होतं. आता बघते तर तसं दिसतं.

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्याच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघते आहे, कोल्हापूरहून एसटीने घाट उतरेन. पत्र सोबत असेल. तोंडाने बोलता आलं नाही तर निदान हे तुझ्या हातात देता येईल. रिंकीला सांगितलं कुठे जाते आहे आणि का. ती म्हणाली, "मग तुझी इथली नोकरी?" मी म्हटलं, माहीत नाही. तिने बॅगेत माझी शाल घातली आणि दार लावून आत गेली.

राजकुमारी
(खाली भुजली लिहायला हात धजत नाही.)

परतीच्या गाडीत
१६ सप्टेंबर २०२५

मथुरा,

हे नाव लिहायला मला सात वर्षं मनाई होती. लिहून बघितलं तर साधं, तीन अक्षरी. यावेळी पत्ताही माझ्याच हाताने लिहीन.

तू तिथेच होतीस, तरी लिहिते. कारण तू सगळा वेळ खाली मान घालून बसली होतीस आणि मला तुझा भांग तेवढा दिसत होता.

मासळी बाजारात त्या दिवशी मासळी नव्हती, नुसत्या बाया. बैठक चालवणारी रुख्माकाकी मधल्या ओट्यावर पाय दुमडून बसलेली. मला बघून म्हणाली, "इलंस? साहेबीण इली बगा. खुर्ची हाडा गो कोणीतरी." खुर्ची कोणी आणली नाही, आणि तेच योग्य झालं. मी ओल्या फरशीवर उभी राहून सांगितलं. पंप, मोटर, गेट. मग म्हटलं, "मथुरा तांडेल यांना मी फोन केला नाही. त्यांना माहीत नव्हतं. आजवर दरवेळी लुगडं लागलं ते मी फोन केल्यावर. या वेळी मी मुद्दाम केला नाही."

तुझं नाव तोंडातून बाहेर पडलं तेव्हा तू पहिल्यांदा वर बघितलंस. रागाने नाही. कोणीतरी दारात येऊन परक्या आवाजात हाक मारावी, तसं.

"मुद्दाम?" रुख्माकाकीने विचारलं.

"मुद्दाम."

"कित्याक?"

मी सांगितलं, मला बदली हवी होती. घरी जायचं होतं. कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "आमका खय जावचा नव्हता? आमी घराकच होतो. घरात पोरा ओकत होती."

मग रुख्माकाकी ओट्यावरून खाली उतरली. तुझ्या जागेवर कोणीतरी रिकाम्या पाट्या रचल्या होत्या, त्या तिने एकेक करून उचलल्या आणि मागे भिंतीला लावल्या. तोंडाने एवढंच म्हणाली, "मथुरे, उद्या बर्फ जरा जास्त सांग. आपल्या दोगींका लागात." बैठक तिथेच संपली. कोणी तुझी माफी मागितली नाही. बाया पदर झटकून उठल्या, बाजाराच्या दिवशी उठतात तशा.

मी निघाले असते. एसटी होती. तू पुढे चालत होतीस आणि मी मागे, का ते मला आजही सांगता येणार नाही. तू वळून बघितलं नाहीस, पण अंगणाचं बेडं उघडंच ठेवलंस. छोटी पडवीत बसली होती. गाल आत गेलेत तिचे. मला बघून आधी हसली, मग तुझ्याकडे बघितलं आणि हसायचं थांबली. तेवढं मला पुरेसं होतं.

मी पत्र काढून दिलं. तू उभ्यानेच चुलीपाशी वाचलंस. शेवटचं पान, माझ्या चटणी-भाकरीचं, दोनदा वाचलंस. मग पत्र तांदळाच्या डब्यात न ठेवता फळीवर ठेवलंस, पान मांडलंस, भात वाढलास, आणि बाजूला तिसऱ्यांचं सुकं.

"खा."

वाफ येत होती. खोबरं, तिरफळ, तो वास मला सात वर्षं पाठ होता.

"पाणी कसा आसा ता इचारतंस काय?" तू म्हणालीस.

"मला माहीत नाही. मी आता तिथे नाही."

"माका खय म्हायत असायचा, राजकुमारी?"

भुजली बदलण्याआधी, चिखलात उभी राहून तू हेच नाव घेतलं होतंस आणि हसली होतीस. या वेळी हसली नाहीस.

मी खाल्लं. चांगलं झालं होतं, मथुरा. एवढं चांगलं असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. तू समोर बसून जेवलीस. छोटीला मात्र पेज दिलीस.

कंपनीचं उत्तर गाडीत बसल्यावर आलं. चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये असं आहे. रिंकीला कळवलं. तिने विचारलं, "स्टेशनवर घ्यायला येऊ का?" मी हो म्हटलं.

भुपेंद्रला मी सांगून आले आहे, गेट उघडलं तर आधी तुझ्या दारात जायचं, फोन नंतर. मोटर अजून आलेली नाही. मुख्याधिकाऱ्यांना भेटून तेही लिहून दिलं. लुगडं बांबूला बांधलेलंच असतं तर बरं, भुपेंद्र म्हणाला. मी म्हटलं, तसं नको. कायम बांधलेल्या लुगड्याकडे कोणी बघत नाही.

जेवण झाल्यावरचं तेवढं लिहायचं राहिलं. सात वर्षांत तू मला कधी उष्टं ताट उचलू दिलं नाहीस. भुजली म्हणजे देवाची पाहुणी, असं मीच तुला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. परवा मी उठले, तर तू बसल्या जागेवरून म्हणालीस, "राजकुमारी, ताट धू."

मी मागच्या दारी मोरीवर बसून धुतलं. तुझंही धुतलं. मग विचारलं, खरकटं पाणी कुठे टाकू?

तू आतूनच म्हणालीस, "तुका म्हायत नाय तर कोणाक? खय पण टाक. जाता ता खाडयेतच."

राजकुमारी